उत्तर कोरियाचं आर्थिक धोरण कसं बदलत गेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर कोरियात धोरण बदलतं तरी का? तिथं सगळं वर्षानुवर्षं जसंच्या तसं आहे ना?

पोस्टर, कवायती आणि नेत्यांचे पुतळे जसेच्या तसे आहेत. धान्य कोण वाटतं, बाजारात कोण बसतं, कारखान्याचा नफा कोण ठेवतो, या गोष्टी मात्र १९४६ पासून अनेकदा पालटल्या. आपल्याला ते दिसत नाही, कारण तिथलं सरकार बदलाचा गाजावाजा करत नाही. 'आर्थिक सुधारणा' हा शब्द तिथं जवळपास शिवीसारखा आहे, कारण तो चीनच्या वाटेची आठवण करून देतो. त्याऐवजी 'व्यवस्थापन अधिक नीट करण्याचे उपाय' असं म्हणतात आणि धोरण तारखेवरून ओळखलं जातं: ३ ऑगस्टचा माल (१९८४), १ जुलैचे उपाय (२००२), २८ जूनचे उपाय (२०१२), ३० मेचे उपाय (२०१४).

या तारखा पाठ करण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवा. गरजेपोटी लोक आधी काहीतरी करू लागतात, सरकार डोळेझाक करतं, मग तेच कायद्यात बसवून त्यावर शुल्क लावतं. तिजोरीत जरा जीव आला की दिलेलं परत काढून घेऊ पाहतं. पुढची बहुतेक उत्तरं या क्रमाची उदाहरणं आहेत.

सुरुवात कशी झाली? जमिनी लगेच सामूहिक केल्या का?

नाही. ५ मार्च १९४६ चा जमीन कायदा म्हणजे सरळ 'कसेल त्याची जमीन' होता. पाच जोंगबोपेक्षा (एक जोंगबो म्हणजे जवळपास एक हेक्टर) जास्त जमीन असलेल्या जमीनदारांची आणि जपान्यांची जमीन विनामोबदला काढून कुळांना फुकट वाटली. काम महिन्याभरात आटोपलं. अट एकच होती: जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, खंडानं द्यायची नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोठे उद्योग सरकारजमा झाले. हे तुलनेनं सोपं गेलं, कारण हुंगनामचा खत कारखाना आणि यालू नदीवरचं सुपुंग धरण अशी बडी मालमत्ता जपान्यांची होती आणि मालक पळून गेले होते.

कोरियन युद्ध संपल्यावर, १९५३ नंतर, सामूहिक शेती सुरू झाली आणि ऑगस्ट १९५८ पर्यंत पूर्ण झाली. बारा वर्षांपूर्वी हाती आलेली जमीन शेतकऱ्याच्या हातून गेली. खासगी दुकानदारीही त्याच वर्षी संपली. मागं उरला घराभोवतीचा परसबागेएवढा तुकडा, साधारण ३० प्योंग, म्हणजे शंभर चौरस मीटर. हा तुकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानं माणसं जगवली.

रेशन नेमकं कसं चालायचं?

आपल्याकडचं रेशन पगाराला पूरक असतं. तिथं रेशन हाच खरा पगार होता. नोकरीच्या ठिकाणी महिन्यातून दोनदा कूपन मिळायचं. ते घेऊन वाटप केंद्रावर जायचं आणि पंधरा दिवसांचं धान्य उचलायचं. माप कामावर ठरायचं: सामान्य कामगार रोज ७०० ग्रॅम, खाणीसारखं जड काम करणारा ९०० ग्रॅम, म्हातारी माणसं आणि गृहिणी ३०० ग्रॅम, मुलांना वयाप्रमाणे १०० ग्रॅमपासून पुढे. त्यात तांदूळ किती आणि मका किती हे गावावर अवलंबून. राजधानी प्योंगयांगमध्ये तांदूळ जास्त, ईशान्येकडच्या डोंगराळ प्रांतात मका.

एक घर धरू: नवरा-बायको दोघं कारखान्यात, घरात आजी. ७०० + ७०० + ३०० म्हणजे रोज १,७०० ग्रॅम, पंधरवड्याला साडेपंचवीस किलो. आता कात्री कशी लागली ते बघा. १९७३ साली 'युद्धसाठ्यासाठी' म्हणून पंधरवड्यातलं दोन दिवसांचं धान्य कापलं, म्हणजे सुमारे १३ टक्के. १९८७ मध्ये उरलेल्यातून आणखी १० टक्के. कागदावर ७०० ग्रॅमवाला कामगार आता ५४७ ग्रॅमवर आला होता आणि त्या घराचे साडेपंचवीस किलो वीसच्या आत आले. हे सगळं दुष्काळाच्या आधीचं. १९९१ मध्ये 'दोन वेळाच जेवू या' अशी मोहीम निघाली, तोवर कूपन असून धान्य नसण्याचे दिवस सुरू झाले होते.

सरकार शेतकऱ्याकडून तांदूळ किलोला ८२ चोननं घ्यायचं आणि रेशनवर ८ चोननं द्यायचं (शंभर चोन म्हणजे एक वॉन). प्रत्येक किलोमागे ७४ चोनची तूट. ही गाडी सोव्हिएत आणि चिनी मदतीच्या इंधनावर चालत होती.

चोल्लिमा आणि देआन ही नावं सारखी येतात. ती काय आहेत?

चोल्लिमा हा दिवसात हजार ली (अंतराचं जुनं माप) धावणारा पुराणातला घोडा. डिसेंबर १९५६ मध्ये कांगसोन पोलाद कारखान्यातून त्या नावाची जास्त उत्पादनाची चळवळ सुरू झाली: पगारवाढ नको, जोश हवा. युद्धानंतरच्या उभारणीत ती चालली, कारण रिकामे हात भरपूर होते आणि सोव्हिएत-चिनी मदतही होती. नंतर तोच नुस्खा '७० दिवसांची लढाई', '१५० दिवसांची लढाई', '२०० दिवसांची लढाई' अशा नावांनी पुनःपुन्हा वापरला. यंत्रांची देखभाल लांबणीवर टाकून वर्षाचं उत्पादन चार महिन्यांत ओढायचं आणि पुढचे चार महिने यंत्रं बंद.

देआन ही कारखाना चालवण्याची पद्धत, १९६१ पासूनची. व्यवस्थापकाऐवजी पक्षाची समिती निर्णय घेणार आणि कच्चा माल वरच्या खात्यानं कारखान्याच्या दारात पोचवायचा. वरून माल आलाच नाही तर कारखान्याला स्वतःहून कुठून आणायची मुभा नव्हती. १९९० नंतर नेमकं तेच झालं.

स्वीडनच्या गाड्यांचे पैसे बुडवले, हे खरं आहे का?

खरं आहे. १९७० च्या सुरुवातीला सहा वर्षांच्या योजनेसाठी (१९७१ ते १९७६) प्योंगयांगनं पश्चिम युरोप आणि जपानकडून उधारीवर अख्खे कारखाने विकत घेतले. हिशेब असा होता की शिसं, जस्त अशी खनिजं विकून हप्ते फेडायचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर खनिजांचे भाव पडले, यंत्रांचे चढले आणि हप्ते थांबले. १९७४ मध्ये आलेल्या एक हजार व्होल्वो १४४ गाड्यांचे पैसे स्वीडनला आजवर मिळालेले नाहीत. तिथली निर्यात पतहमी संस्था वर्षातून दोनदा थकबाकीची आठवण पाठवत आली आहे.

गंमत वाटली तरी परिणाम गंभीर झाला. पत गेली ती गेलीच. पुढे चीन आणि व्हिएतनामनं बाहेरचं भांडवल आणलं, तेव्हा उत्तर कोरियाला दारात उभं करायला कोणी तयार नव्हतं. १ एप्रिल १९७४ ला 'करमुक्त देश' अशी घोषणा झाली. ती मात्र दिसते तितकी उदार नव्हती: कारखान्याचा सगळा पैसा आधीच सरकारचा असेल तर वेगळा कर कशाला लागतो?

१९८४ मध्ये काही मोकळीक मिळाली होती ना?

दोन प्रकारची. सप्टेंबरमध्ये संयुक्त उद्योगांचा कायदा आला, पण पैसा आला तो बहुतांशी जपानमधल्या प्योंगयांगधार्जिण्या कोरियन लोकांचा. दुसरी मोकळीक जास्त टिकाऊ ठरली. कारखान्यातल्या टाकाऊ मालापासून बादल्या, चपला, झाडू अशा वस्तू योजनेबाहेर बनवून विकायला ३ ऑगस्टला संस्थापक नेता किम इल-सुंगचा मुलगा आणि वारस किम जोंग-इलनं मंजुरी दिली. '३ ऑगस्टचा माल' या शब्दाला पुढे हलक्या प्रतीच्या, घरगुती मालाचा अर्थ चिकटला, आणि त्याहून पुढे एक तिसराच अर्थ. तो बाजाराच्या प्रश्नात येतो.

१९९० च्या दशकातली उपासमार पुरामुळे झाली का?

सरकारचं अधिकृत कारण तेच आहे. १९९५ चा पूर मोठा होता यात शंका नाही, पण ईशान्येकडच्या हामग्योंग प्रांतांना जाणारं रेशन त्याच्या आधीच, १९९४ मध्ये आटलं होतं. खरी साखळी अशी.

१९९०-९१ मध्ये सोव्हिएत संघानं मैत्रीचा भाव बंद करून रोख परकीय चलन मागायला सुरुवात केली. तेल आणि सुटे भाग एकदम तुटले. सुटे भाग नाहीत म्हणून कोळशाच्या खाणीतले पंप बंद पडले आणि खाणींत पाणी भरलं. कोळसा नाही म्हणून वीज नाही. उत्तर कोरियाची शेती 'स्वावलंबी' म्हणवत असली तरी ती विजेवर उभी होती: भातखाचरांत पाणी चढवायचं ते विजेच्या पंपांनी, युरिया बनायचा तो कोळसा आणि विजेवर. खत नाही, पाणी नाही, ट्रॅक्टरला डिझेल नाही. देशाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी जमीन लागवडीलायक, थंडी लांब, म्हणून त्यांनी जास्तीत जास्त खत ओतून उत्पादन काढायचं तंत्र बसवलं होतं. खत थांबताच उत्पन्न कोसळलं. तरतूद म्हणून डोंगरउतार तोडून मका लावला, आणि त्या बोडक्या उतारांवरून १९९५ चं पाणी गाळ घेऊन खाली आलं. म्हणजे पुराची तीव्रतासुद्धा थोडी धोरणातूनच आली होती.

१९९३ मध्ये चीननंही रोख मागितली. डिसेंबर १९९३ मध्ये तिसरी सात वर्षांची योजना फसल्याचं पक्षानं मान्य केलं. जुलै १९९४ मध्ये किम इल-सुंग वारला. माणसं किती गेली याचे अभ्यासकांचे अंदाज सहा ते दहा लाखांचे आहेत, काही अंदाज वीस-तीस लाखांपर्यंत जातात. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मेले ते शहरी कामगार, कारण शेतकऱ्याजवळ निदान ते तीस प्योंग होते आणि चोंगजिनच्या पोलाद कामगाराजवळ फक्त कूपन.

बाजार म्हणजे जांगमादांग कायदेशीर आहेत का?

आहेत आणि नाहीत. पूर्वी दहा दिवसांतून एकदा शेतकरी बाजार भरायचा, १, ११ आणि २१ तारखेला, परसातला भाजीपाला विकायला. धान्य विकायला बंदी होती. उपासमारीत तिथं तांदूळ, औषधं, कारखान्यातून उचकटलेली तांब्याची तार, सगळं आलं. १९९८ च्या घटनादुरुस्तीत खर्च, किंमत आणि नफा हे शब्द शिरले. २००३ मध्ये 'शेतकरी' शब्द गळून नुसता 'बाजार' राहिला, छपरं आणि ओटे बांधले गेले, गाळ्याचं भाडं सुरू झालं. उपग्रहचित्रांवरून असे चारशेहून जास्त अधिकृत बाजार मोजले गेले आहेत. नियमित भाडं वसूल करणारं सरकार बाजार पूर्ण बंद करील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

ओट्यावर बसतात बायका. पुरुषाला सरकारी नोकरीवर हजेरी लावणं सक्तीचं, लग्न झालेल्या बाईला तेवढी सक्ती नाही. २०१० च्या दशकात महिन्याचा सरकारी पगार साधारण तीन हजार वॉन होता आणि बाजारात तांदूळ पाच हजार वॉन किलो. म्हणजे महिनाभर राबून सहाशे ग्रॅम तांदूळ. घर चालायचं ते बाईच्या ओट्यावर. मग पुरुष काय करायचा? कारखान्याला दरमहा पगाराच्या कित्येक पट रक्कम भरून गैरहजर राहायचा आणि बाहेर कमाई करायचा. या रकमेलाच '३ ऑगस्टचा पैसा' म्हणतात. कारखाना खूश, कारण कच्चा माल नसताना त्याच पैशातून त्याचा योजनेचा आकडा भरतो.

वरच्या थरात तोंजू असतात, म्हणजे 'पैशाचे मालक'. खासगी कंपनी काढता येत नाही, म्हणून ते एखाद्या सरकारी खात्याची पाटी भाड्यानं घेतात. बस चिनी, पैसा तोंजूचा, नंबरप्लेट सैन्याच्या किंवा कारखान्याच्या नावाची. घरांचंही तसंच: घर विकता येत नाही, पण 'राहण्याचा दाखला' हस्तांतरित होतो, आणि त्या दाखल्याला डॉलरमध्ये भाव असतो. बिघाड इथंच होतो. भांडण झालं तर कागदावर सगळं खात्याचं, त्यामुळे वर ओळख असेल तोवरच गुंतवणूक टिकते.

१ जुलै २००२ ला काय केलं?

भाव आणि पगार दोन्ही बाजाराच्या जवळ आणले. रेशनचा तांदूळ ८ चोनवरून ४४ वॉन किलो, म्हणजे ५५० पट. खरेदीभाव ८२ चोनवरून ४० वॉन. शेतकऱ्याला ४० देऊन ग्राहकाकडून ४४ घ्यायचे, म्हणजे ती जुनी तूट एका दिवसात मिटली. प्योंगयांगच्या बस आणि मेट्रोचं तिकीट १० चोनवरून २ वॉन. सामान्य पगार ११० वॉनच्या आसपासवरून दोन हजारांवर, खाणकामगारांचा सहा हजारांच्या घरात. डॉलरचा सरकारी दर २ वॉनच्या जरा वर होता, तो १५० च्या आसपास गेला.

गणित बरोबर, पण माल नव्हता. दुकानात वस्तू नसताना पगार अठरा पट केला तर भाव पगाराच्या मागे धावणारच. काही वर्षांत बाजारातला तांदूळ शेकड्यांत आणि २००९ च्या शेवटी दोन हजारांच्या वर गेला. चीननं १९७८ नंतर आधी शेतात उत्पादन वाढू दिलं, मग भाव सोडले. इथं उलटं झालं.

२००५ मध्ये पीक बरं आलं, दक्षिण कोरियाची मदत येत होती. लगेच ऑक्टोबरपासून धान्याच्या खासगी विक्रीवर बंदी आणि रेशन पुन्हा सुरू झाल्याची घोषणा. काही महिन्यांत रेशन पुन्हा तुटलं. २००७ मध्ये आधी चाळिशीच्या, मग पन्नाशीच्या आतल्या बायकांना ओटा लावायला मनाई झाली. त्यांनी सासूला ओट्यावर बसवलं आणि धंदा मागून चालवला.

२००९ च्या नोटाबदलात काय चुकलं?

भारतातल्या वाचकाला नोव्हेंबर म्हटल्यावर लगेच २०१६ आठवेल. साम्य थोडं आहे, फरक मोठा आहे.

३० नोव्हेंबर २००९ ला जाहीर झालं: जुन्या शंभर वॉनला नवा एक वॉन, मुदत एक आठवडा, एका कुटुंबाला फक्त एक लाख जुने वॉन बदलून मिळणार. आरडाओरड झाल्यावर मर्यादा थोडी वाढवली. भारतात बँकेत कितीही भरता येत होते. इथं मर्यादेवरची रोकड जवळपास रद्दी झाली. एक लाख वॉन म्हणजे त्या वेळच्या भावानं सुमारे ४५ किलो तांदूळ, काळ्या बाजारात तीसेक डॉलर. कित्येक वर्षं ओट्यावर बसून साठवलेल्या पैशातला एवढाच भाग सरकारनं मान्य केला. हेतू उघड होता: बाजारातून उभा राहिलेला पैसा पुसायचा.

दुसरी चूक त्याच आठवड्यात केली. भाव शंभरानं भागले, पगार मात्र तेवढेच ठेवले. जुन्या तीन हजार वॉनचा पगार नव्या तीन हजारांचा झाला, म्हणजे सगळ्या सरकारी नोकरांना रातोरात शंभर पट पगारवाढ. तांदळाचा सरकारी भाव वीस-पंचवीस नव्या वॉनच्या आसपास लावला, पण त्या भावात विकायला कोणी येईना. बाजार बंद, परकीय चलन बंद, व्यापाऱ्यांनी माल दडवला. दोन-अडीच महिन्यांत सरकारला माघार घ्यावी लागली. बाजार पुन्हा उघडले. पंतप्रधानानं स्थानिक अधिकाऱ्यांपुढे माफी मागितल्याच्या आणि पक्षाच्या अर्थखात्याचा प्रमुख पाक नाम-गी याला गोळी घातल्याच्या बातम्या दक्षिणेत आल्या. वर्षभरात तांदूळ हजार वॉनच्या घरात आणि २०१२ पर्यंत पाच हजारांच्या आसपास, म्हणजे नोटाबदल जिथून सुरू झाला त्याच्याही वर.

कायमचा धडा लोकांनी घेतला: बचत वॉनमध्ये करायची नाही. चिनी युआन आणि डॉलर हेच पुढे खरे पैसे झाले. २०१३ ते २०१९ या काळात डॉलर आठ हजार वॉनच्या आसपास स्थिर राहिला. त्यामागे मध्यवर्ती बँकेची हुशारी थोडी असेल, पण बराचसा व्यवहारच वॉन सोडून गेला होता, हे मोठं कारण.

किम जोंग-उननं काय वेगळं केलं?

बाप किम जोंग-इलच्या मागून सत्तेवर आल्यावर पहिली सात-आठ वर्षं त्यानं बाजाराला हात लावला नाही, हेच सर्वांत मोठं धोरण. शेतीत गट आणखी लहान केले. सामूहिक शेतावर एका गटात पूर्वी दहा-पंचवीस माणसं, १९९६ मध्ये सात-आठपर्यंत, २०१२ नंतर तीन ते पाच, म्हणजे जवळपास एक घर. गटाला ठरावीक शेत नेमून दिलं. कोटा आणि खत-बियाण्याची किंमत देऊन उरलेलं गटाचं. घोटाळा कापणीनंतर होतो. वाटा वसंतात ठरतो, पण शरदात सैन्यासाठी जादा मागणी आली की करार बाजूला पडतो. दोन हंगाम असं झालं की शेतकरी खळ्यावरच धान्य लपवायला शिकतो.

कारखान्यांना २०१४ पासून योजनेबाहेर काय बनवायचं, कुणाला विकायचं, पगार किती द्यायचा यात मुभा मिळाली. याचं नाव 'समाजवादी उद्योग जबाबदारी व्यवस्थापन'. २०१९ मध्ये घटनेतून देआन पद्धत काढून हे नाव घातलं गेलं. अठ्ठावन्न वर्षं पवित्र मानलेली पद्धत अशी एका दुरुस्तीत गेली, आणि त्याचा फारसा बोभाटाही झाला नाही.

विशेष आर्थिक क्षेत्रांचं काय झालं?

राजिन-सोनबोंग १९९१ पासून आहे, बंदर चांगलं आहे, रस्ते आणि वीज उशिरा आली. सिनुइजूचं क्षेत्र २००२ मध्ये जाहीर होताच त्याचा नेमलेला प्रमुख, चिनी-डच उद्योगपती यांग बिन, चीननं अटक केला आणि विषय संपला. २०१३ मध्ये प्रांतोप्रांती तेरा क्षेत्रं जाहीर झाली. बहुतेक कागदावर राहिली.

चाललं ते एकच, केसोंग. २००४ पासून दक्षिणेच्या शंभरावर कंपन्या, उत्तरेचे पन्नास हजारांवर कामगार, शिलाई, चपला, घड्याळं, विजेचे भाग. किमान पगार महिना ५० डॉलरपासून सुरू झाला, वर्षाला जास्तीत जास्त पाच टक्के वाढ, २०१५ मध्ये ७३.८७ डॉलर. डॉलर कामगाराच्या हातात नाही, सरकारच्या खात्यात जायचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये अणुचाचणी आणि रॉकेटनंतर दक्षिणेनं ते बंद केलं.

चीन किंवा व्हिएतनामसारखं का झालं नाही?

दोन कारणं आम्हाला वजनदार वाटतात. १९७८ मध्ये चीनची बहुसंख्य जनता शेतात होती. शेत मोकळं करताच बहुतेकांची कमाई वाढली आणि सुधारणेला पाठीराखे मिळाले. उत्तर कोरिया तोवर कारखान्यांचा, शहरांचा देश झाला होता, आणि तिथं सुधारणा म्हणजे आधी कारखाने बंद करणं. दुसरं कारण शेजारचं. चीनला तैवान लहान आहे. उत्तरेला दक्षिण कोरिया लोकसंख्येनं दुप्पट आणि कितीतरी श्रीमंत आहे, भाषा तीच. दार उघडलं तर लोक तुलना कुणाशी करतील हे प्योंगयांगला चांगलं कळतं.

अणुचाचण्यांवरून संयुक्त राष्ट्रांनी घातलेल्या निर्बंधांचा परिणाम झाला का?

२०१६ पर्यंतच्या निर्बंधांचा फारसा नाही, २०१७ च्या निर्बंधांचा खूप. ऑगस्ट २०१७ मध्ये कोळसा, लोखंड आणि मासळीची निर्यात बंद, सप्टेंबरमध्ये कापड, डिसेंबरमध्ये शुद्ध इंधनाच्या आयातीवर वर्षाला पाच लाख पिंपांची मर्यादा. गंमत अशी की देशात तांदूळ आणि डॉलरचे भाव तरीही फार हलले नाहीत. निर्यात थांबली की कोळसा देशातच स्वस्त होतो, आणि साठवलेलं परकीय चलन काही वर्षं पुरतं.

खरा दणका स्वतःच दिलेला होता. जानेवारी २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद केली. चीनशी व्यापार २०१९ मध्ये सुमारे २.७९ अब्ज डॉलर होता, तो २०२० मध्ये ५४ कोटींवर आला. जानेवारी २०२१ च्या पक्ष अधिवेशनात किम जोंग-उननं स्वतः कबूल केलं की पाच वर्षांचं उद्दिष्ट जवळपास सगळ्याच क्षेत्रांत हुकलं.

सध्या वारं कुठल्या दिशेनं आहे?

परत काढून घेण्याच्या. सरकारी धान्य दुकानं निघाली असून बाजारात तांदूळ-मका विकण्यावर टाच आली आहे. ही दुकानं म्हणजे जुनं रेशन नाही. भाव बाजारापेक्षा थोडा कमी, माल मोजका, आणि मुख्य म्हणजे गल्ला सरकारचा. जानेवारी २०२४ मध्ये '२० गुणिले १०' धोरण आलं: दरवर्षी वीस तालुक्यांत स्थानिक कारखाने, दहा वर्षं. इमारती सैन्य बांधतं, त्या वेळेवर होतात. आत कच्चा माल आणि वीज कुठून येणार, हा १९६१ चाच प्रश्न आहे. रशियाशी जून २०२४ चा करार झाल्यावर इंधन आणि परकीय चलनाची अडचण काहीशी सैल झाली आहे, आणि हात सैल असताना हे सरकार बाजार आवळतं.

भारताशी व्यापार होता का?

होता. २०१० च्या दशकात काही वर्षं भारत त्यांच्या पहिल्या काही व्यापारी भागीदारांत गणला जायचा, अर्थात चीनच्या खूप मागे. एप्रिल २०१७ मध्ये भारत सरकारनं अधिसूचना काढून अन्न आणि औषधं सोडून जवळपास सगळा व्यापार थांबवला.

तिथलं सरकार आकडे छापत नाही, मग भाव कळतात कसे?

१९६० च्या दशकापासून सलग आकडेवारी बंद आहे. सकल उत्पादनाचा जो आकडा दिसतो तो दक्षिणेच्या बँक ऑफ कोरियाचा अंदाज असतो. व्यापार चीनच्या सीमाशुल्काच्या नोंदींवरून कळतो. बाजारभाव सोलची 'डेली एनके' आणि जपानची 'एशियाप्रेस' या संस्था देशातल्या माणसांकडून चिनी फोनवर मिळवतात.

भावाची बातमी वाचताना तीन गोष्टी बघा. शहर कोणतं: प्योंगयांग आणि चीनच्या सीमेवरची सिनुइजू, ह्येसान यांतला फरक सीमेवरच्या मालाबद्दल सांगतो. तांदळाबरोबर मक्याचा भाव दिला आहे का: तांदूळ स्थिर आणि मका चढतोय याचा अर्थ गरीब घरं तांदूळ सोडून मक्यावर आली आहेत. आणि महिना कोणता: मे ते जुलै जुनं धान्य संपलेलं असतं, तेव्हाची वाढ नेहमीची. ऑक्टोबरमध्ये, कापणी चालू असताना भाव चढला, तर खळ्यावर काहीतरी बिनसलंय.